२.२ गिगाहर्ट्झवर अडकलेला डेस्कटॉप

जून २०२४ च्या शेवटी माझ्या डेस्कटॉपचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला आणि पुढचा महिनाभर तो का उतरला याचा शोध घेण्यात गेला. शेवटी खर्च फारच किरकोळ झाला, पण मधल्या काळात आम्ही चांगला प्रोसेसर काढून वॉरंटीत पाठवण्याच्या तयारीत होतो. लिनक्स वापरणाऱ्या कुणाच्या मशीनचं असं झालं, तर त्यांची वणवण वाचावी म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी मशीनबद्दल. रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, सहा कोअर, बारा थ्रेड. मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ, बूस्ट (जड कामाच्या वेळी प्रोसेसर स्वतःहून घेतो तो जादा वेग) मिळाला तर ४.२ पर्यंत. ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगलीत असेंबल करून घेतला. त्यावर लिनक्स मिंट २१.३ ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. मी आमच्या गावच्या वाचनालयातले जुने मराठी अंक स्कॅन करते आणि टेसरॅक्ट या प्रणालीने त्या पानांचं टंकित मजकुरात रूपांतर करते. हे काम पूर्णपणे प्रोसेसरच्या जिवावर चालतं. शंभर पानांना माझ्याकडे साधारण अकरा मिनिटं लागायची. (जाता जाता: एकाच वेळी अनेक पानं चालवत असाल तर 'ओएमपी थ्रेड लिमिट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ वर ठेवा. नाहीतर प्रत्येक पान स्वतःचे चार-चार थ्रेड उघडतं आणि ते एकमेकांच्या वाटेत येतात.)

एप्रिलमध्ये माझा भाचा पुण्याहून सुट्टीला आला होता. त्याचं शिक्षण याच विषयातलं. त्याने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१५ वरून ६.५ वर नेला, बूट होताना वापरायचा एक पर्याय घातला, आणि रिकाम्या वेळी मशीन कमी वीज खाईल अशी मांडणी करून दिली. ती उत्तम चालली. पंख्याचा आवाज कमी झाला, कामाचा वेग जसाच्या तसा राहिला.

२२ जूनच्या शनिवारी मोठा पाऊस झाला आणि रात्रभर वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर संदेश आला की घड्याळ आणि सेटिंग्ज हरवल्या आहेत, पुढे जायला एफ-१ दाबा. तारीखही काही वर्षं मागची दिसत होती. तारीख बरोबर केली, सेव्ह करून बाहेर पडले, मिंट नेहमीसारखं उघडलं. संध्याकाळी कामाला बसले तेव्हा शंभर पानांना वीस मिनिटं लागली.

त्या दिवशी या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्याच डोक्यात आला नाही. यायला हवा होता असंही नाही, कारण मशीन बाकी सगळं नीट करत होतं. ब्राउझर उघडत होता, पत्रं लिहिता येत होती, एकही चूक-संदेश नव्हता. फक्त जड काम आलं की ते रेंगाळायचं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॅबिनेट उचलून दुकानात नेलं. दुकानदारांनी प्रामाणिकपणे पहिली शंका घेतली ती धुळीची आणि उष्णतेची. ब्लोअरने धूळ काढली, पंखा उतरवून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसली, नवी लावली. मजुरीसकट ४५० रुपये. इथे एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली ती सांगते, कारण घरी करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. या जातीच्या प्रोसेसरला खाली १,३३१ बारीक पिना असतात. पेस्ट वाळून घट्ट झालेली असली आणि पंखा सरळ वर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून पंख्याबरोबर वर येतो आणि पिना वाकतात. दुकानातल्या मुलाने आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम केलं, बंद करून स्क्रू सोडवले, मग पंखा डावी-उजवीकडे हलकेच पिळत पिळत सुटा केला. प्रोसेसर जागचा हलला नाही. त्याच्या हाताचं मला मनापासून कौतुक वाटलं.

घरी आल्यावर वेग तोच. तापमान मात्र पाहिलं: बाराही थ्रेड पूर्ण भरलेले असताना ४८ अंश. आता मागे वळून पाहताना कळतं की हा सगळ्यात मोठा धागा होता. उष्णतेमुळे प्रोसेसर स्वतःला आवरतो तेव्हा तो तापलेला असतो, नव्वदीच्या घरात गेलेला असतो. पूर्ण काम करूनही तो थंड राहत असेल, तर कुणीतरी त्याला वरच्या वेगाला जाऊच देत नाहीये असा अर्थ होतो. तुमचं मशीन हळू झालं तर आधी तापमान आणि वेग एकाच वेळी बघा. धूळ काढायचा निर्णय त्यानंतर.

दुकानदार म्हणाले, "ताई, प्रोसेसरच अशक्त झालाय असं दिसतंय. वॉरंटी आहे तोवर पाठवून टाका." डबाबंद घेतलेल्या या प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते, म्हणजे माझी ऑक्टोबरमध्ये संपणार होती. काळजी वाटली, आणि घाईही झाली. ९ जुलैला वितरकाच्या सेवा केंद्राकडे अर्ज केला. त्यांनी मागितलेली कागदपत्रं: जीएसटी क्रमांक असलेलं मूळ बिल, डब्यावरच्या सिरीयल नंबरच्या पट्टीचा फोटो, प्रोसेसरच्या पत्र्यावर छापलेल्या क्रमांकाचा फोटो, ओळखपत्र, आणि तक्रारीचं वर्णन. पाठवणीचा कुरिअर खर्च ग्राहकाचा. बदलून यायला दोन ते तीन आठवडे, त्यात मशीन बंद. पत्र्यावरच्या क्रमांकासाठी पंखा पुन्हा उतरवावा लागतो आणि पेस्ट पुसावी लागते, म्हणून नवीन घेताना बसवण्याआधीच तो फोटो काढून ठेवा. माझ्याकडे असेंबल करतानाचे फोटो होते, त्यात तो क्रमांक वाचता आला.

मग वाट पाहणं. मध्ये आषाढी आली, सुट्ट्या आल्या. त्या दिवसांत मी रात्री काम लावून झोपायचे आणि सकाळी उठून पाहायचे तर अर्धंच झालेलं. वाचनालयाच्या कार्यवाहांना मी गणपतीआधी एक पूर्ण वर्षाचे अंक देते म्हणून सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण मला ते मनाला लागत होतं.

१८ जुलैला उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की प्रोसेसर पाठवण्याआधी तो दुसऱ्या बोर्डावर किंवा निदान कोऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तपासून निकाल कळवा. तेव्हा हे टोलवाटोलवीचं वाटलं. पण याच ओळीने पुढचा रस्ता दाखवला.

दुसरा बोर्ड कुठून आणणार? कोरी सिस्टिम मात्र सोपी आहे. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घेतला, ३५० रुपये, त्यावर मिंटचीच प्रत चढवली आणि शनिवारी, २० जुलैला, डिस्कला हात न लावता त्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. प्रोसेसरवर भार टाकण्यासाठी 'स्ट्रेस-एनजी' चालवला आणि दुसऱ्या खिडकीत वेग बघत राहिले. सगळे कोअर ४ गिगाहर्ट्झच्या आसपास. तापमान हळूहळू सत्तरीत गेलं. पंखा घोंघावायला लागला. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला आणि खरंच हायसं वाटलं. प्रोसेसर ठणठणीत होता. बिघाड माझ्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये कुठेतरी होता.

पुन्हा नेहमीच्या मिंटमध्ये आले आणि जे पहिल्या दिवशी पाहायला हवं ते पाहिलं. लिनक्समध्ये वेगाचं सगळं एका जागी उघड ठेवलेलं असतं: मुळातलं 'सिस' फोल्डर, त्यात डिव्हायसेस, त्यात सिस्टिम, त्यात सीपीयू, मग सीपीयू-० आणि शेवटी 'सीपीयूफ्रेक'. आतल्या फायली साध्या मजकुराच्या आहेत, 'कॅट' आज्ञेने वाचता येतात. माझ्याकडे हे दिसलं:

स्केलिंग ड्रायव्हर (प्रोसेसरचा वेग बदलणारा कर्नलचा भाग) – एसीपीआय-सीपीयूफ्रेक.
स्केलिंग गव्हर्नर (वेग किती ठेवायचा हे ठरवणारं धोरण) – पॉवरसेव्ह.
स्केलिंग करंट फ्रीक्वेन्सी – २२ लाखांच्या आसपास. हा आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो, म्हणजे २.२ गिगाहर्ट्झ.

भार टाकला तरी तिसरा आकडा ढिम्म हलेना. 'सीपीयूपॉवर' हे साधन हीच माहिती एकत्र दाखवतं, शिवाय उपलब्ध वेगही सांगतं: ३.६, २.८ आणि २.२. बस्स, तीनच. (कर्नल बदलला की सीपीयूपॉवर चालेनासा होतो, कारण त्याचं पॅकेज कर्नलच्या आवृत्तीशी जोडलेलं असतं. तो स्वतःच कुठलं पॅकेज हवं ते सांगतो, ते बसवायचं.) बूस्टची वेगळी फाईल आहे, तिच्यात १ होता, म्हणजे बूस्ट चालू. पण पायरी चढायलाच मनाई असेल तर बूस्टचा उपयोग काय?

गव्हर्नर बदलून 'शेड्युटिल' केला, जो कामाच्या भारानुसार वेग कमी-जास्त करतो. डोळ्यांदेखत आकडा २२ लाखांवरून ४० लाखांवर उडाला. पाच सेकंदही लागले नाहीत. एवढ्यासाठी मी प्रोसेसर कुरिअर करणार होते.

मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा २.२. म्हणजे सुरू होताना कुणीतरी पॉवरसेव्ह लावत होतं. तेव्हा भाच्याला फोन केला. त्याने मला 'ईटीसी' फोल्डरातल्या 'डिफॉल्ट'मध्ये 'सीपीयूफ्रेकयुटिल्स' नावाची फाईल उघडायला लावली. तिथे गव्हर्नर पॉवरसेव्ह, त्यानेच एप्रिलमध्ये लिहिलेला.

"पण मावशी," तो म्हणाला, "मी ते ठेवलं तेव्हा ड्रायव्हर एएमडी-पीस्टेट होता. तुझ्याकडे एसीपीआय-सीपीयूफ्रेक कसा आला, ते आधी शोधू."

या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एसीपीआय-सीपीयूफ्रेक हा जुना, सगळीकडे चालणारा ड्रायव्हर. बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डावरचंच सॉफ्टवेअर) त्याला ठरावीक पायऱ्यांची यादी देतो आणि तो त्यातली एक निवडतो, जुन्या पंख्याच्या खटक्याच्या रेग्युलेटरसारखा. या ड्रायव्हरखाली पॉवरसेव्ह गव्हर्नरचं वागणं एकदम सरळ असतं: सगळ्यात खालची पायरी धरायची आणि काहीही झालं तरी सोडायची नाही.

एएमडी-पीस्टेट हा नवा ड्रायव्हर लिनक्स ५.१७ मध्ये, मार्च २०२२ ला आला. तो सीपीपीसी नावाच्या व्यवस्थेवर चालतो. ही व्यवस्था एसीपीआय ५.० या, बायोस आणि सिस्टिम यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या प्रमाणकात, २०११ मध्ये आली होती. यात ठरावीक पायऱ्या नसतात. कर्नल कामगिरीची मागणी सांगतो आणि प्रोसेसर स्वतः वेग ठरवतो. ६.३ पासून, म्हणजे एप्रिल २०२३ पासून, त्यात 'अ‍ॅक्टिव्ह' पद्धत आली. तेव्हा ड्रायव्हरचं नाव एएमडी-पीस्टेट-ईपीपी असं दिसतं. या पद्धतीत गव्हर्नर दोनच: परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. आणि इथला पॉवरसेव्ह वेग अडवत नाही. काम आलं की प्रोसेसर पूर्ण वर जातो, काम संपलं की खाली येतो. किती उत्साहाने जायचं ते ईपीपी या वेगळ्या सूचनेने ठरतं. भाच्याने ती 'बॅलन्स परफॉर्मन्स' ठेवली होती. म्हणजे त्याची मांडणी अगदी योग्य होती, फक्त ड्रायव्हर तोच राहील या भरवशावर.

मग ड्रायव्हर का बदलला? त्याने मला 'डीमेसेज' या, कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत पीस्टेट हा शब्द शोधायला सांगितला. ओळ सापडली. मराठीत सांगायचं तर: बायोसमध्ये सीपीसी ऑब्जेक्ट (सीपीपीसीला लागणारी माहिती) नाही, किंवा एसीपीआय बंद आहे. बूटच्या पर्यायात 'एएमडी-पीस्टेट अ‍ॅक्टिव्ह' अजूनही लिहिलेलं होतं, पण बायोसने ती माहितीच पुढे केली नाही. नवा ड्रायव्हर उभा राहू शकला नाही आणि कर्नलने मुकाट्याने जुना लावला. जुन्या ड्रायव्हरने पॉवरसेव्ह वाचलं आणि त्याच्या रीतीप्रमाणे तळ गाठला.

आणि बायोस का बदलला? "मावशी, मध्ये कधी घड्याळ चुकलं होतं का?" त्याने विचारलं. २३ जूनचा तो काळा पडदा मला आठवला. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपला होता. आम्ही रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो, त्यामुळे घड्याळाचा सगळा भार त्या सेलवरच असतो. पूर्ण रात्र वीज गेल्याने तो संपला असं नाही, पण त्या दिवशी तो उघडा पडला. सेटिंग्ज पुसल्या गेल्या, बायोस मूळपदावर आला, आणि माझ्या बोर्डावर मूळपद म्हणजे सीपीपीसी 'ऑटो', ज्याचा परिणाम व्यवहारात बंद.

दुसऱ्या दिवशी, गुरुपौर्णिमेच्या रविवारी, दुरुस्ती केली. सीआर २०३२ जातीचा सेल घड्याळजीकडे ४० रुपयांना मिळाला. मशीन बंद, प्लग काढलेला, हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावून मगच आत. सेलच्या बाजूची छोटी पितळी खिट्टी नखाने मागे ओढली की सेल आपोआप वर येतो. नवा बसवताना अक्षरं वर. मग बायोसमध्ये शिरून प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. हे नक्की करा, बदलण्याआधी आणि बदलल्यावर दोन्ही वेळा.

सीपीपीसीचा पर्याय माझ्या बोर्डावर खूप आत होता: अ‍ॅडव्हान्स्ड, एएमडी सीबीएस, एनबीआयओ कॉमन ऑप्शन्स, एसएमयू कॉमन ऑप्शन्स, आणि तिथे सीपीपीसी. ऑटोवरून 'एनेबल्ड' केला. खालीच प्रिफर्ड कोअर्सचा पर्याय होता, तोही चालू केला. तुमच्याकडे हा पर्यायच दिसत नसेल तर बायोस जुना असण्याची शक्यता आहे आणि तो अद्ययावत करावा लागेल. ते काम यूपीएसशिवाय करू नका, आणि पावसाळ्यात तर नाहीच. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. मला त्याची गरज पडली नाही.

आणखी एक गोष्ट तिथे लक्षात आली. रॅमही ३२०० ऐवजी २४०० वर चालत होती, कारण मेमरीचं प्रोफाईलही सेलबरोबर पुसलं गेलं होतं. ते परत लावलं. सेटिंग्ज पुसल्या गेल्या तर एकच पुसली गेली असं कधीच नसतं. मेमरी, पंख्याचे वेग, व्हर्च्युअलायझेशन, बूटचा क्रम, सगळं बघून घ्या.

मिंट उघडल्यावर ड्रायव्हर एएमडी-पीस्टेट-ईपीपी. खालची मर्यादा ५०० मेगाहर्ट्झच्या थोडी वर, वरची ४.२ गिगाहर्ट्झ. शंभर पानं पुन्हा अकरा मिनिटांच्या आत. भाच्याने फोनवरूनच 'सीपीयूफ्रेकयुटिल्स'मधली ती ओळ काढून टाकायला सांगितली. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत डेस्कटॉपवर कर्नल स्वतःच पॉवरसेव्ह निवडतो, आणि उद्या पुन्हा जुना ड्रायव्हर आला तर त्यालाही कर्नल स्वतःचा मूळ गव्हर्नर देईल. सक्ती नसल्याने तळाला अडकण्याचा धोकाच राहत नाही. ही दुरुस्ती मला सीपीपीसी चालू करण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते.

माझं मत विचाराल तर सगळ्यांनी नव्या ड्रायव्हरच्या मागे लागायची गरज नाही. जुना ड्रायव्हर आणि शेड्युटिल गव्हर्नर असेल तर रोजच्या कामात फरक जाणवणार नाही. त्या शनिवारी पेन ड्राइव्हवरून मला मिळालेला पूर्ण वेग जुन्याच ड्रायव्हरवर होता. रायझन ३००० मालिकेतल्या माझ्यासारख्या प्रोसेसरला ६.५ कर्नलवर नवा ड्रायव्हर आपोआप लागतही नाही, बूटच्या पर्यायात सांगावा लागतो. ज्यांना रिकाम्या वेळची वीज आणि आवाज कमी हवा आहे त्यांनी जरूर करावं. पण वेग गेला असेल तर आधी गव्हर्नर बघा.

२२ जुलैला सेवा केंद्राला निकाल लिहून पाठवला आणि अर्ज मागे घेतला. अर्ज तसाच पडू देऊ नका; तक्रार उघडी राहिली तर तोच सिरीयल क्रमांक पुढे खरोखर पाठवायची वेळ आल्यावर घोळ होऊ शकतो. तक्रार बंद केल्याची पोच दोन दिवसांत आली, ती मी बिलाबरोबर ठेवली. दुकानदारांनाही जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आता काउंटरवर एक मिंटचा पेन ड्राइव्ह ठेवला आहे.

सप्टेंबरमध्ये कर्नल ६.८ वर नेला तेव्हा पहिल्यांदा त्याच तीन फायली वाचल्या. सगळं जागेवर होतं. मग वाचनालयातल्या मशीनवरही वाचल्या. तिथे जुना इंटेल आहे, ड्रायव्हर इंटेल-पीस्टेट, गव्हर्नर पॉवरसेव्ह, आणि भार टाकल्यावर वेग व्यवस्थित वर जातो. त्या ड्रायव्हरचा पॉवरसेव्हही अडवणारा नाही, म्हणून तिथे काहीच बदललं नाही. सेल तेवढा नवा घातला.